महामंदीतली महिला कॉलेजे: तगली ती कोणाच्या जिवावर?

१९२७च्या नोव्हेंबरमध्ये 'अटलांटिक मंथली' या अमेरिकन मासिकात एक लेख प्रसिद्ध झाला. बार्नार्ड, ब्रिन मॉर, माउंट होल्योक, रॅडक्लिफ, स्मिथ, व्हासर आणि वेल्स्ली या सात महिला कॉलेजांच्या प्रमुखांनी मिळून केलेले ते निवेदन होते. म्हणणे साधे होते. मुलांच्या कॉलेजांना श्रीमंत लोक सढळ हाताने देणग्या देतात आणि मुलींच्या कॉलेजांची वेळ आली की हात आखडता घेतात. शिकवणे त्याच दर्जाचे, खर्चही तेवढाच, मग कायम निधीत एवढी तफावत का? या सात कॉलेजांना 'सेव्हन सिस्टर्स', सात बहिणी, असे म्हटले जाते. बहिणी खानदानी खऱ्या, पण वाटणीच्या वेळी माहेराने विसरलेल्या.

या निवेदनाला दोन वर्षे होतात न होतात तोच शेअर बाजार कोसळला. डाऊ जोन्सचा निर्देशांक सप्टेंबर १९२९मध्ये ३८१वर होता, तो जुलै १९३२मध्ये ४१वर आला. ज्यांच्याकडे हात पसरायचा त्यांचीच घरे बसली. आधीच कमी निधीवर चालणारी महिला कॉलेजे या तडाख्यात पटापट बंद पडतील, असे कोणालाही वाटले असते. काही पडली, बहुतेक पडली नाहीत. का पडली नाहीत, याची उत्तरे तऱ्हेतऱ्हेची मिळतात. संस्थांचे गौरवग्रंथ अध्यक्षांच्या दूरदृष्टीला श्रेय देतात. स्त्रियांच्या इतिहासाचे अभ्यासक माजी विद्यार्थिनींच्या निष्ठेकडे आणि प्राध्यापिकांच्या त्यागाकडे बोट दाखवतात. अर्थशास्त्राच्या बाजूने आलेले लोक विद्यार्थिसंख्येचे तक्ते पुढे ठेवतात. तिन्हींत तथ्य आहे, पण मला जमाखर्चाची वही अधिक बोलकी वाटते. कॉलेज टिकले याचा अर्थ टिकण्याचा खर्च कोणीतरी भरला, आणि तो भरणाऱ्यांची नावे इमारतींच्या कोनशिलांवर सहसा नसतात.

आधी बाजाराविषयीचा एक गैरसमज. शेअर पडले म्हणून कॉलेजे बुडाली, असे सरळ घडले नाही. त्या काळी कॉलेजांचा कायम निधी बराचसा रोख्यांत आणि गहाणखतांत गुंतवलेला असे. झळ पोचली ती सावकाश: कंपन्यांचे रोखे थकले, शेतजमिनींची गहाणे बुडीत निघाली, व्याज आटत गेले. ज्यांचा संसार व्याजावर चालत होता त्यांना हा फटका मोठा बसला. महिला कॉलेजांचा संसार मुख्यतः फीवर चालायचा. त्यामुळे वॉल स्ट्रीटपेक्षा त्यांचा जीव अडकला होता तो दर सप्टेंबरला किती मुली पेट्या घेऊन दारात उतरतात, यात.

किमतींची गोष्टही ध्यानात घ्यायला हवी. १९२९ ते १९३३ या चार वर्षांत अमेरिकेतल्या ग्राहक किमती सुमारे पाव हिश्शाने उतरल्या. दूध, अंडी, मांस, कोळसा, सगळे स्वस्त झाले. शेकडो मुलींची खानावळ चालवणाऱ्या निवासी कॉलेजाला ही मोठीच सवलत होती. फी जुनीच ठेवली आणि मुली येत राहिल्या, तर खर्चाची तोंडमिळवणी होऊन वर चार पैसे उरू शकत. प्राध्यापकांचा पगार दहा टक्क्यांनी कापला तरी बाजारातली त्याची किंमत पूर्वीपेक्षा कमी होत नव्हती. मात्र याच हिशेबाची दुसरी बाजू मुलीच्या बापाच्या खिशात होती. त्याचे उत्पन्न घटलेले, आणि फी तेवढीच. आकडा जुना असला तरी त्याच्या दृष्टीने कॉलेज महागच झाले होते.

तरीही आकडे पूर्ण पडझड दाखवत नाहीत. अमेरिकेतल्या उच्च शिक्षणातली एकूण विद्यार्थिसंख्या १९३१-३२मध्ये साडेअकरा लाखांवर होती, ती १९३३-३४मध्ये साडेदहा लाखांपर्यंत खाली आली आणि त्यापुढच्या दोन वर्षांत बारा लाखांपलीकडे गेली. खरा खड्डा असा दोन-तीन वर्षांचाच. मुलींची संख्या १९३०मध्ये ४ लाख ८१ हजार होती, १९४०मध्ये ६ लाख १ हजार झाली. व्हासरच्या अर्थशास्त्रज्ञ मेबल न्यूकमर यांनी १९५९मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातला दुसरा रकाना मात्र वेगळे सांगतो. एकूण विद्यार्थ्यांत मुलींचे प्रमाण १९२०मध्ये ४७.३ टक्के, १९३०मध्ये ४३.७ टक्के आणि १९४०मध्ये ४०.२ टक्के. संख्या वाढली, वाटा घटला. नोकऱ्याच नसल्याने घरी बसण्यापेक्षा शिकलेले बरे, असा विचार करून अनेक घरांनी मुलामुलींना कॉलेजात ठेवले. पण पैसे एकालाच पुरतील अशी पाळी आली तेव्हा तो एक कोण, याचे उत्तर ओहायोतही पुण्यापेक्षा फार वेगळे नव्हते.

या विषयावरच्या लिखाणात सात बहिणींनाच सारे पान मिळते आणि न्यूयॉर्कचे हंटर कॉलेज कोपऱ्यात राहते, ही मला खटकणारी गोष्ट आहे. शिक्षिका तयार करण्यासाठी १८७०मध्ये निघालेले हे शहराचे सरकारी कॉलेज, मुलींसाठी आणि फीविना. व्हासरची फी परवडेना म्हणून घरी राहिलेल्या मध्यमवर्गीय मुली आणि स्थलांतरित कामगारांच्या लेकी भुयारी रेल्वेने हंटरला येऊ लागल्या. ब्रॉन्क्समध्ये नवे आवार उघडावे लागले. ब्रुकलिनमधली शाखा १९३०मध्ये सिटी कॉलेजच्या तिथल्या शाखेशी जोडून ब्रुकलिन कॉलेज हे वेगळे सहशिक्षणाचे कॉलेज उभे राहिले. १९३६मध्ये पार्क अॅव्हेन्यूवरची हंटरची जुनी इमारत आगीत जळाली. त्या जागी १९४०मध्ये उघडलेली उंच इमारत रूझवेल्ट सरकारच्या सार्वजनिक बांधकाम योजनेच्या पैशातून झाली. मंदीच्या ऐन काळात ज्या महिला कॉलेजाला जागा पुरत नव्हती ते हे.

इथल्या मुलींचे जगणे मात्र सोपे नव्हते. पुढे नागरी हक्कांच्या कायदेपंडित म्हणून नावाजलेल्या पॉली मरे हंटरच्या विद्यार्थिनी. बाजार कोसळल्यावर त्यांची नोकरी गेली, शिक्षण मध्येच थांबले, आणि परत येऊन १९३३मध्ये त्यांनी पदवी घेतली. सुमारे अडीचशे मुलींच्या त्या तुकडीत कृष्णवर्णीय मुली अवघ्या चार. फी नसलेल्या कॉलेजातही भाडे, जेवण आणि गाडीखर्च मुलीलाच भागवायचा होता. वर शहराने शिक्षकभरती आखडती घेतल्यामुळे, ज्या नोकरीसाठी हंटरला यायचे तीच दिसेनाशी झाली होती.

दक्षिणेकडे चित्र आणखी वेगळे. तिथे प्रत्येक पंथाने आपापल्या मुलींसाठी काढलेली छोटी कॉलेजे गावोगाव होती. शंभर-दोनशे मुली, थोडे कर्ज, निधी जवळजवळ नाही. कापसाचे भाव पडले की त्यांचे पालक पडत. टेक्सासमधल्या शर्मन गावचे किड-की कॉलेज संगीतशिक्षणासाठी प्रसिद्ध होते. ते १९३५मध्ये कायमचे बंद झाले. साउथ कॅरोलिनामधले चिकोरा कॉलेज १९३०मध्ये शार्लटच्या क्वीन्स कॉलेजात विलीन झाले. अशा कॉलेजांवर जाडजूड इतिहास लिहिले जात नाहीत, कारण ते लिहवून घेणारी संस्थाच उरत नाही. टिकलेल्यांच्या कथा वाचून मंदीचा अंदाज बांधताना ही रिकामी जागा विसरता कामा नये.

नॉर्थ कॅरोलिनात सरकारनेच कात्री हाती घेतली. ग्रीन्सबरोचे राज्य महिला कॉलेज, चॅपल हिलचे विद्यापीठ आणि रॅलीचे तांत्रिक कॉलेज ही तिन्ही १९३१च्या कायद्याने एका छत्राखाली आणली गेली. कारण उघड काटकसरीचे: एकच विषय तीन ठिकाणी कशाला शिकवायचा? महिला कॉलेजाला विद्यापीठाचे नाव मिळाले आणि स्वतंत्र अस्तित्वाचा काही भाग गेला. त्याच ग्रीन्सबरोमध्ये, गावाच्या दुसऱ्या बाजूला, कृष्णवर्णीय मुलींचे बेनेट कॉलेज या काळात वाढत होते, आणि हा या सगळ्या आढाव्यातला सर्वांत कुतूहलाचा भाग आहे.

बेनेट आधी सहशिक्षणाचे होते. १९२६मध्ये मेथडिस्ट चर्चचे शिक्षण मंडळ आणि त्याच चर्चमधल्या स्त्रियांची गृहमिशन संस्था यांनी मिळून ते केवळ मुलींचे केले आणि डेव्हिड डॅलस जोन्स यांना अध्यक्ष नेमले. महिला कॉलेज म्हणून पहिल्या तुकड्या अगदी लहान होत्या. मंदी आली तेव्हा कॉलेजाला गमावण्यासारखा मोठा निधी नव्हता; आधार होता तो मिशन संस्थेतल्या हजारो बायकांच्या छोट्या वर्गण्यांचा. असा पैसा तुटपुंजा असतो, पण एका धनिकाच्या दिवाळ्याबरोबर तो बुडत नाही. पुढे हेन्री आणि अॅनी पायफर या दांपत्याच्या देणग्यांतून इमारती उभ्या राहिल्या. तिथले चॅपल अॅनी यांच्याच नावाचे आहे. गरिबीत वाढलेले हे कॉलेज भित्रे मात्र झाले नाही. १९३७मध्ये बेनेटच्या मुलींनी गावातल्या सिनेमागृहांवर बहिष्कार घातला. मोलकरीण किंवा गड्याच्या भूमिकेबाहेर कृष्णवर्णीय नट-नट्या दिसणारी दृश्ये दाखवायला थिएटरवाले तयार नव्हते, हे त्याचे कारण. देणगीदारांवर आणि चर्चवर पोट असलेल्या कॉलेजात, मंदीच्या दिवसांत, विद्यार्थिनींना हे करू देणे ही अध्यक्षांचीही परीक्षा होती. बहिष्काराच्या पुढाऱ्यांत त्यांची मुलगीच होती.

कृष्णवर्णीय मुलींच्याच, अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजाची तऱ्हा निराळी. कॉलेजाचे नावच रॉकफेलरांच्या सासरवाडीचे. १९२७मध्ये अध्यक्ष झालेल्या फ्लॉरेन्स रीड रॉकफेलर फाउंडेशनच्या कामातूनच आलेल्या होत्या. बाजार कोसळण्याच्या काही महिने आधी, एप्रिल १९२९मध्ये, स्पेलमन, मोरहाउस आणि अटलांटा विद्यापीठ यांचा करार झाला होता: पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाकडे, पदवीचे दोन्ही कॉलेजांकडे. एकमेकांचे वर्ग आणि ग्रंथालय वापरण्याची सोय अशी मंदीपूर्वीच झाली होती. रीड यांच्या पंचवीसएक वर्षांच्या कारकिर्दीत स्पेलमनचा कायम निधी ५७ हजार डॉलरवरून ३५ लाखांच्या पलीकडे गेला. बेनेट वर्गणीवर जगले, स्पेलमन फाउंडेशनवर. दोन्ही टिकली, पण स्पेलमनमध्ये कोणते विषय शिकवावेत आणि मुलींनी कसे वागावे यावर वरच्यांची नजरही तेवढीच कडक राहिली.

आता पुन्हा उत्तरेकडे, स्वयंपाकघरात. १८३७मध्ये मेरी लायन यांनी माउंट होल्योक काढले तेव्हा वर्षाचा खर्च ६० डॉलर ठेवला होता, आणि तो तेवढा ठेवता आला याचे कारण झाडलोट, स्वयंपाक, भांडी, सगळी कामे मुलीच करत. पुढे श्रीमंत घरच्या मुली आल्या, मोलकरणी आल्या, आणि ती पद्धत गेली. शतकभराने मंदीने ती मागच्या दाराने परत आणली. स्मिथ, व्हासर यांसारख्या कॉलेजांत सहकारी वसतिगृहे चालू लागली किंवा जुनी वाढवली गेली: मुलींनी आळीपाळीने वाढायचे, भांडी घासायची, फोनवर बसायचे, आणि त्या बदल्यात निवासाच्या खर्चात सूट. यावर त्या काळी बरेच कौतुकाने लिहिले गेले. श्रमाची प्रतिष्ठा वगैरे. पण ही वसतिगृहे वेगळी होती, आणि कोण कुठे राहते हे सगळ्यांना माहीत होते. नादारीच्या अर्जावर सही करताना आपल्याकडच्या मुलांची मान जशी खाली जायची, तशी तिथेही कोणाची जात असणार. फरक एवढाच की तिथे अर्ज एकदा करायचा नव्हता, रोज संध्याकाळी ताटे घेऊन उभे राहायचे होते.

सरकारची मदत आली तीही कष्टाच्या मोबदल्यात. फेब्रुवारी १९३४पासून संघराज्याच्या आपत्ती साहाय्य योजनेतून गरजू विद्यार्थ्यांना काम देऊन महिन्याला सरासरी १५ डॉलर देणे सुरू झाले. जून १९३५मध्ये राष्ट्रीय युवक प्रशासन स्थापन झाल्यावर ही योजना त्याच्याकडे गेली. फाटकी पुस्तके चिकटवणे, ग्रंथालयाची कार्डे टंकलिखित करणे, प्रयोगशाळेत मदत, बालवाडीत हजेरी, अशी ही कामे. पंधरा डॉलर व्हासरच्या बिलात कुठे दिसलेही नसते. पण घरी राहून शिकणाऱ्या मुलीचे कॉलेज त्यावर सुटत होते. म्हणजे सरकारी पैशाने सर्वांत जास्त आधार दिला तो सात बहिणींपेक्षा राज्य सरकारांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना. युवक प्रशासनाच्या कृष्णवर्णीय विभागाची सूत्रे मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांच्या हाती होती, आणि त्यांनी स्वतः १९०४मध्ये फ्लोरिडात मुलींची शाळा काढलेली होती. पैसा नसताना मुलींचे शिक्षण कसे चालते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

अशा दिवसांत नवे महिला कॉलेज काढण्याचा खटाटोप कोण करील? व्हरमाँटमध्ये तो झाला. बेनिंग्टन कॉलेजची कल्पना १९२०च्या दशकातली. १९२९नंतर मूळच्या आराखड्यांतली भव्य इमारत गेली, जागा बदलली. जेनिंग्ज कुटुंबाने दिलेल्या शेतजमिनीवर, जुन्या गोठ्यात कचेऱ्या आणि वर्ग थाटून, १९३२मध्ये ८७ मुलींनिशी कॉलेज सुरू झाले. इथला हिशेब सगळ्यांच्या उलटा होता. कायम निधी नाही, तर शिक्षणाचा पूर्ण खर्च फीतूनच काढायचा. त्यामुळे बेनिंग्टन देशातल्या सर्वांत महाग कॉलेजांपैकी एक ठरले. ऐन थंडीतले दोन महिने मुलींना काम आणि वाचनासाठी बाहेर पाठवायची पद्धत पहिल्यापासून होती. तत्त्व शिक्षणाचे, आणि कडाक्याच्या थंडीत इमारती तापवण्याचा खर्च वाचला तर तोही नको कोणाला? उन्हाळ्यात आवार मोकळे पडायचे. १९३४पासून तिथे आधुनिक नृत्याची उन्हाळी शाळा भरू लागली. मार्था ग्रॅहम तिथे शिकवत. अमेरिकन नृत्याच्या इतिहासात त्या शाळेला मोठे स्थान आहे. तिच्या जन्मात रिकाम्या खोल्यांचाही वाटा होता, एवढे इथे नोंदवून पुढे जातो.

मिझुरीतल्या स्टीफन्स कॉलेजाने सरळ बाजाराचा मार्ग धरला. १९२०च्या दशकात तिथे डब्ल्यू. डब्ल्यू. चार्टर्स यांनी तीनशेहून अधिक स्त्रियांच्या रोजनिश्या मागवून त्यांतून ७,४०० प्रकारची कामे टिपून काढली होती आणि त्यांवर अभ्यासक्रम बेतला होता: आरोग्य, कपडे, घर, बोलणे-चालणे, पैशाचा वापर. मंदीच्या काळात हे दोन वर्षांचे कॉलेज मुलींनी भरून वाहत होते. पूर्वेकडच्या विदुषींनी नाके मुरडली. मला ते नाके मुरडणे पूर्णपणे पटत नाही, पण ग्रीक-लॅटिन सोडून 'बाईला जे लागते ते' शिकवण्याची ही वाट पुढे पन्नाशीच्या दशकात कुठे गेली ते पाहता, पूर्णपणे चुकीचेही म्हणता येत नाही.

टिकण्याचा सर्वांत मोठा हप्ता भरला तो शिक्षकवर्गाने. पगारकपात बहुतेक कॉलेजांत झाली, बढत्या थांबल्या, रिकाम्या जागा भरल्या गेल्या नाहीत. महिला कॉलेजांतल्या प्राध्यापिका बहुतांशी अविवाहित असत. त्यांच्यामागे संसार नाही, म्हणून त्यांना कमी पुरते, असा समज विश्वस्त मंडळांत रूढ होता. प्रत्यक्षात त्यांच्या पगारावर म्हातारे आईबाप आणि बेकार भाऊ जगत होते. शिवाय त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती: मुलांच्या कॉलेजांत बायकांना नेमत नसत. प्रतिभावान माणसे कमी पगारात हाताशी राहिली ती निष्ठेमुळे, आणि बाहेरची दारे बंद असल्यामुळेही. त्या निष्ठेची स्तुती करताना दारे कोणी लावली होती हे सांगायचे राहून जाते.

लग्न झालेल्या बाईची अवस्था याहून वाईट. १९३०-३१च्या सुमारास राष्ट्रीय शिक्षण संघटनेने शहरांतल्या शाळांची पाहणी केली. ७७ टक्के ठिकाणी विवाहितेला शिक्षिका म्हणून नेमत नव्हते आणि ६३ टक्के ठिकाणी लग्न केलेल्या शिक्षिकेला काढून टाकत होते. १९३२च्या काटकसर कायद्याच्या २१३व्या कलमाने सरकारी नोकरीतल्या नवरा-बायकोंपैकी एकाला घरी बसवायची सोय केली. घरी बसल्या त्या अर्थात बहुतेक बायका. १९३७मध्ये ते कलम रद्द झाले. महिला कॉलेजांच्या पदवीधर ज्या पेशात प्रामुख्याने जात त्या पेशाचीच ही दशा होती. या पार्श्वभूमीवर बार्नार्डच्या डीन व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह यांनी त्याच सुमारास आपल्या प्राध्यापिकांसाठी पगारी बाळंतपणाची रजा मंजूर करून घेतली, ही गोष्ट उठून दिसते. मंदीत काटकसर सगळेच करतात. खर्च कुठे वाढवायचा हे ठरवणारे थोडे.

ब्रिन मॉरला या दिवसांत एक अनपेक्षित लाभ झाला. नाझींनी १९३३मध्ये ग्योटिंगेनमधून काढून टाकलेल्या एमी नोएदर त्या वर्षीच्या शरद ऋतूत तिथे आल्या. विसाव्या शतकातल्या बीजगणिताचा चेहरा बदलणारी ही बाई. तिला प्रिन्स्टनने किंवा हार्वर्डने प्राध्यापक केले नाही, एका लहान महिला कॉलेजाने नेमले, आणि तेही स्वतःच्या तिजोरीतून नव्हे: पैसा रॉकफेलर फाउंडेशनचा आणि निर्वासित विद्वानांसाठी स्थापन झालेल्या समितीचा. गणित विभागाच्या प्रमुख अॅना पेल व्हीलर यांनी तिचे तिथे बस्तान बसवून दिले. दोन वर्षेही झाली नाहीत तोच, एप्रिल १९३५मध्ये, शस्त्रक्रियेनंतर ती गेली.

त्याच ब्रिन मॉरच्या आवारात १९२१पासून कामगार स्त्रियांची उन्हाळी शाळा भरत असे. गिरणीतल्या, शिवणकामातल्या बायका दोन महिने अर्थशास्त्र आणि साहित्य शिकायच्या. मंदीत तिची गरज वाढली आणि कॉलेजाची सोशिकता संपत आली. १९३४मध्ये न्यू जर्सीतल्या एका शेतमळ्यावरच्या संपाशी शाळेचे नाव जोडले गेल्यावर विश्वस्त बिथरले, आणि १९३८नंतर शाळा त्या आवारात उरली नाही. तिच्या संचालिका हिल्डा स्मिथ आधीच वॉशिंग्टनला जाऊन बेकार स्त्रियांच्या शिबिरांच्या कामाला लागल्या होत्या. त्या शिबिरांत सगळ्या मिळून सुमारे साडेआठ हजार स्त्रिया राहून गेल्या. तरुण पुरुषांसाठीच्या अशाच वनसेवा योजनेत पंचवीस लाखांवर गेले.

अमेरिकेच्या या कहाणीला एक खरा मराठी धागा आहे. धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे १९२९च्या मार्चमध्ये, सत्तरी पुरी करून, आपल्या महिला विद्यापीठासाठी परदेशी निघाले. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्कमधल्या एल्सिनोरची शिक्षण परिषद असे करत ते अमेरिकेत पोचले, काही महिने व्याख्याने देत फिरले, आणि जपानमार्गे एप्रिल १९३०मध्ये परतले. म्हणजे मुलींच्या शिक्षणासाठी मदत मागायला अण्णा अमेरिकेत होते ते नेमके तिथली तिजोरी फुटण्याच्या मोसमात. त्यांचे विद्यापीठ १९१६मधले, कल्पना जपानच्या महिला विद्यापीठाच्या माहितीपत्रकावरून सुचलेली. १९२०मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे, नाव विद्यापीठाला मिळाले. एवढी देणगी असूनही अण्णांना फिरावे लागत होते, कारण शिक्षण मातृभाषेतून होते, पदवीला सरकारी मान्यता नव्हती, आणि मान्यता नाही म्हणून नोकरीही नाही. ज्या पदवीने नोकरी मिळत नाही तिच्यासाठी मंदीत फी भरणारा बाप शोधायचा होता.

अमेरिकेहून येऊन आठ महिने झाले नाहीत तोच, डिसेंबर १९३०मध्ये, अण्णा आफ्रिकेला निघाले. मोम्बासात त्यांचे चिरंजीव शंकर डॉक्टर होते. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असा तो दौरा पंधरा महिने चालला. तिथले हिंदी व्यापारी, कारकून, दुकानदार यांच्याकडून वर्गण्या गोळा झाल्या. बेनेटच्या मिशन-बायकांची वर्गणी आणि आफ्रिकेतल्या गुजराती-मराठी दुकानदारांची वर्गणी यांत मला फार साम्य दिसते: रक्कम लहान, देणारे पुष्कळ. फरक असा की बेनेटच्या मुलींना १९३४नंतर सरकारी पंधरा डॉलर मिळू शकत होते, अण्णांच्या मुलींना साम्राज्य सरकारकडून दमडीही नव्हती. विद्यापीठाचे मुख्यालय १९३६मध्ये पुण्याहून मुंबईला गेले. कायद्याची मान्यता स्वातंत्र्यानंतर मिळाली.

आता शेवटचा प्रश्न, ज्यावर अभ्यासकांचे एकमत नाही: महिला कॉलेजांची घसरण मंदीने सुरू केली का? न्यूकमर यांचा रकाना पुढे वाचला तर उत्तर बरेच मिळते. मंदीच्या दशकात मुलींचा वाटा साडेतीन टक्क्यांनी खाली आला. त्यानंतरच्या दशकात, युद्ध जिंकून देश श्रीमंत झाल्यावर, तो ४०.२वरून ३०.२वर आला. १९४४च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने कॉलेजात पाठवले आणि जागा त्यांनी भरल्या. नंतर १९६९मध्ये येल आणि प्रिन्स्टनने मुली घ्यायला सुरुवात केली, त्याच वर्षी व्हासर आणि बेनिंग्टनने मुलगे घेतले, आणि एकामागून एक महिला कॉलेजे सहशिक्षणाची झाली किंवा बंद पडली. १९३३मध्ये त्यांच्याकडे जाण्यावाचून पूर्वेकडच्या हुशार मुलीला फारसा पर्याय नव्हता. पर्याय नसणे हाच त्यांचा सर्वांत भक्कम निधी होता. तो बाजारात गुंतवलेला नव्हता म्हणून मंदीत बुडाला नाही, आणि बाहेरची दारे उघडली तेव्हा एका पिढीत संपला.

२०१५च्या मार्चमध्ये व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर कॉलेजाच्या विश्वस्तांनी कॉलेज बंद करण्याचे जाहीर केले. महामंदीत ते बंद पडले नव्हते. माजी विद्यार्थिनी कोर्टात गेल्या, एक कोटी वीस लाख डॉलर उभे करण्याची हमी दिली आणि कॉलेज चालू ठेवले. कॅलिफोर्नियातले मिल्स कॉलेज २०२२मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विलीन झाले. बेनेटची मान्यता आर्थिक दुबळेपणाच्या कारणावरून डिसेंबर २०१८मध्ये काढून घेतली गेली, तेव्हा कॉलेजाने पन्नास लाख डॉलर गोळा करण्याची हाक दिली आणि दोन महिन्यांच्या आत ब्याऐंशी लाख जमले. मान्यता मंडळाने निर्णय बदलला नाही. बेनेटने दुसऱ्या मान्यता मंडळाकडे धाव घेतली, आणि ते आजही मुलींचेच कॉलेज आहे.